तेहरानला समुद्र नाही : परराष्ट्र मंत्रालयाला आणि मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

ठाणे, ४ जुलै २०२५

प्रति,
परराष्ट्र मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि मराठी वृत्तवाहिन्यांचे सर्व संपादक

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

इस्रायल-इराण युद्धाच्या तिसऱ्या दिवशी, रविवार, १५ जूनच्या संध्याकाळी एका मराठी वृत्तवाहिनीवर इराणच्या क्षेपणास्त्रांनी पेटलेल्या तेल अवीवची दृश्ये दाखवली गेली. वाळूचा किनारा, फेसाळत्या लाटा, किनाऱ्यालगतच्या उंच इमारती आणि त्यांच्या मागून उठणारा धूर. रात्री साडेदहाच्या बातम्यांत त्याच वाहिनीने हीच चित्रफीत पुन्हा दाखवली. लाटा त्याच होत्या, किनाऱ्यावरची दिव्यांची रांगही तीच होती, फक्त खालच्या पट्टीवर आता 'तेहरानमध्ये हाहाकार' असे लिहिलेले होते. मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला. तेहरान हे एल्बुर्झ पर्वताच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलेले शहर आहे आणि त्याच्या व कॅस्पियन समुद्राच्या मध्ये तो अख्खा पर्वत उभा आहे. तेहरानला समुद्र नाही. सातवीतल्या मुलाने नकाशा भरताना ही चूक केली असती तर मी त्याला पुन्हा नकाशापुढे उभे केले असते.

दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, मी त्या वाहिनीला ईमेलने रीतसर तक्रार पाठवली. २०२१ साली केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अशा तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची असते आणि तिचा निर्णय पंधरा दिवसांत कळवायचा असतो. आज अठरा दिवस झाले. पोच नाही, निर्णय नाही, आणि पडद्यावर त्या चुकीची दुरुस्ती झालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून हे पत्र खुले लिहिते आहे, आणि ते एकाच वेळी आपणा दोघांनाही लिहिते आहे, कारण सरकारने जे सांगितले नाही त्याच रिकाम्या जागेत वाहिन्यांनी आपला गोंगाट भरला, असे मला या महिन्यात पदोपदी जाणवले.

हे युद्ध ठाण्यापासून दूर आहे, असे समजूनच बहुधा आपण सारे बोलत असता. प्रत्यक्षात ते आमच्या जिन्यात आहे. टेंभी नाक्याच्या परिसरात १८७९ साली बांधलेले शार हाशामाईम हे बेने इस्रायली या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे. त्या समाजाची बरीच माणसे इस्रायलला गेली, काही इथेच राहिली. इथेच राहिलेल्या एक काकू आमच्या मजल्यावर, समोरच्याच दारात राहतात. वय ऐंशीच्या घरात. त्यांची धाकटी बहीण १९७१ पासून बीरशेबाला आहे, आणि चोपन्न वर्षांनंतरही दोघी फोनवर आमच्यापेक्षा चांगले मराठी बोलतात. बहिणीची इमारत जुनी असल्याने तिच्या घरात सुरक्षित खोली नाही. भोंगा वाजला की ती, तिचा मुलगा आणि खालच्या मजल्यावरची एक रशियन बाई जिन्याच्या वळणावर येऊन बसतात. काकूंनी आपल्या मोबाइलवर तिथल्या इशाऱ्यांचे ॲप घेतले आहे. बीरशेबाला इशारा झाला की आमच्या मजल्यावर ते वाजते, आणि मग काकू फोन लावत नाहीत, नुसत्या तो हातात धरून बसतात, कारण बहीण जिन्यात असताना तिने फोन घ्यायला धडपडू नये असे त्यांना वाटते. १९ जूनच्या सकाळी बीरशेबाच्या सोरोका रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडले तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. पाऊण तासाने बहिणीचा फोन आला. पहिले वाक्य होते, "अगो, चहा घेतलास का?"

याच आठवड्यात मला मुंब्र्याहून दुसरा फोन आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे आईवडील, दोघेही सत्तरी ओलांडलेले, झियारतसाठी, म्हणजे तीर्थयात्रेसाठी, इराणला गेले होते आणि मशहदला अडकले होते. १८ जूनपासून इराणमधले इंटरनेट जवळजवळ पूर्ण बंद पडले आणि तीन दिवस त्याला त्यांचा आवाजही ऐकू आला नाही. तो मला एवढेच विचारत होता की मशहद तेहरानपासून किती लांब आहे. सुमारे नऊशे किलोमीटर, मी सांगितले, अफगाणिस्तान-तुर्कमेनिस्तानच्या बाजूला. "बाई, टीव्हीवर तर सगळा इराणच लाल दाखवतायत," तो म्हणाला. त्याचे आईवडील पुढे 'ऑपरेशन सिंधू'च्या विमानाने मशहदहून दिल्लीला सुखरूप पोहोचले. त्याबद्दल परराष्ट्र मंत्रालयाचे, तेहरानच्या दूतावासातील कर्मचाऱ्यांचे आणि वैमानिकांचे मी मनापासून आभार मानते. इराण आणि इस्रायल मिळून चार हजारांहून अधिक भारतीयांना आपण परत आणलेत. ज्या मंत्रालयाला माणसे अशी शोधून आणता येतात, त्याला आपल्या निर्णयांची कारणे लोकांना सांगणे जड जाऊ नये, या विश्वासानेच पुढचे लिहिते आहे.

मंत्रालयाकडे माझी पहिली तक्रार मतदानाबद्दल आहे. गाझात युद्धविराम व्हावा यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जे ठराव आले, त्यांवर भारताने २७ ऑक्टोबर २०२३ ला तटस्थ राहणे पसंत केले. ७ ऑक्टोबरला हमासने सुमारे १,२०० लोकांना ठार मारले आणि २५१ जणांना ओलीस नेले, त्याचा स्पष्ट निषेध ठरावात नव्हता, आणि तो घालण्याची दुरुस्ती भारताने पाठिंबा देऊनही फेटाळली गेली. हे कारण समजण्यासारखे होते. पुढे १२ डिसेंबर २०२३ ला भारताने युद्धविरामाच्या बाजूने मत दिले. ११ डिसेंबर २०२४ ला पुन्हा बाजूने मत दिले. आणि १२ जून २०२५ ला, गाझातील मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे पंचावन्न हजारांवर गेलेला असताना, अडीच महिन्यांच्या नाकेबंदीनंतर अन्न कुठे थोडेफार आत जाऊ लागलेले असताना, भारत पुन्हा तटस्थ राहिला. १४९ देश बाजूने, १२ विरोधात, १९ तटस्थ, आणि त्या एकोणिसांत आपण. संवाद आणि मुत्सद्देगिरी हाच मार्ग आहे, असे न्यूयॉर्कमध्ये सांगण्यात आले. पण तो मार्ग डिसेंबरमध्येही होताच. डिसेंबर ते जून या सहा महिन्यांत काय बदलले, हे या देशाच्या नागरिकांना कुणी सांगितले?

दुसऱ्या दिवशी पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला. १४ जूनला, भारतही जिचा सदस्य आहे त्या शांघाय सहकार्य संघटनेने त्या हल्ल्याचा निषेध करणारे निवेदन काढले आणि त्यावरील चर्चेत आपण सहभागी नव्हतो, असे आपल्या मंत्रालयाने कळवले. त्या निवेदनातला कोणता मजकूर भारताला मान्य नव्हता? निषेध हा शब्द, की त्याचा रोख? मी उत्तर सुचवत नाही, कारण एखाद्या देशाला शस्त्रे, तंत्रज्ञान, खनिज तेल आणि आखातातले लाखो कामगार यांचा एकत्र हिशेब करूनच भूमिका ठरवावी लागते, हे मला कळते. पण हा हिशेब आमच्या नावाने होतो. तो निदान आम्हाला वाचता यावा. कारण सांगितले नाही की लोक आपल्या मनाने कारण लावतात, आणि मग एकजण म्हणतो की शस्त्रांच्या व्यवहारासाठी, दुसरा म्हणतो अमेरिकेच्या धाकाने, तिसरा म्हणतो की मुसलमान मरत आहेत म्हणून. यातल्या तिसऱ्या कारणाचे ओझे कोण वाहतो, तर मुंब्रा-ठाणे लोकलमध्ये उभा असलेला माझा विद्यार्थी, ज्याला १७ जूनला त्याच्या रोजच्या डब्यातल्या ओळखीच्या माणसाने विचारले, "मग काय, तुम्ही कुणाच्या बाजूने?" त्या दिवशी त्याची आई मशहदला एका धर्मशाळेच्या तळघरात होती.

हे काम न्यायालयात नेता येत नाही. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली आणि परराष्ट्र धोरण हा आपला प्रांत नाही असे सांगितले. तो निर्णय मला मान्य आहे. पण न्यायालयाचा प्रांत नाही म्हणजे तो कुणाचाच नाही असे तर होत नाही. तो संसदेचा आहे. याच देशाच्या लोकसभेने ८ एप्रिल २००३ रोजी, अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना, इराकवरील युद्धाबद्दल एकमताने ठराव केला होता. त्याच्या हिंदी मजकुरात 'निंदा' हा शब्द बसवण्यासाठी किती घासाघीस झाली हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून मी वाचले होते. आणि जुलै २००३ मध्ये, अमेरिकेचा आग्रह असतानाही, भारताने इराकमध्ये सैन्य न पाठवण्याचा निर्णय घेतला. त्या वेळीही अमेरिकेशी संबंध होते, व्यापार होता, तेल होते. तरी सभागृहात शब्द उच्चारला गेला आणि तो कोणत्या कारणाने, हे आम्हाला कळले.

कामगारांबद्दलही एक शब्द. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाल्यावर त्यांच्या जागी इस्रायलला बांधकामासाठी भारतातून माणसे नेण्याचे ठरले, आणि जानेवारी २०२४ मध्ये रोहतकला आणि लखनऊला महिना सुमारे १ लाख ३७ हजार रुपये पगाराच्या आशेने थंडीत रांगा लागल्या. ज्या देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांना १९८३ च्या स्थलांतरविषयक कायद्याखाली सरकारी तपासणी आणि परवानगी घ्यावी लागते, त्यांच्या यादीत इराक, येमेन, लेबनॉन, सीरिया आहेत, इस्रायल नाही. मार्च २०२४ मध्ये लेबनॉनच्या सीमेजवळ मार्गालिओत इथे क्षेपणास्त्र पडून केरळचा एक शेतमजूर मारला गेला. युद्ध चालू असलेल्या देशात माणसे पाठवताना ती तपासणी का लागू करू नये, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

आता संपादक महोदयांनो, आपल्याविषयी. इथे मला जास्त लिहायचे आहे, कारण या गुन्ह्यात मी स्वतः एकदा सामील झालेले आहे.

जानेवारी १९९१. कुवेतच्या युद्धाला तोंड फुटले होते आणि नववीच्या वर्गात मी पश्चिम आशियाचा नकाशा टांगला होता. इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात घुसून अपुऱ्या दिवसांची बाळे इनक्युबेटरमधून काढून थंड फरशीवर टाकली, ही बातमी तेव्हा सगळीकडे होती. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर एका पंधरा वर्षांच्या कुवेती मुलीने रडत ते सांगितले होते आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी ते आपल्या भाषणांतून पुन्हा पुन्हा सांगितले. मी ते वर्गात सांगितले. खडू खाली ठेवून सांगितले, आणि मुली रडल्या. जानेवारी १९९२ मध्ये उघड झाले की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीच्या प्रचारमोहिमेचा भाग होती. बाळांच्या त्या गोष्टीला पुरावा मिळाला नाही. सद्दाम हुसेनने कुवेत गिळला हे खरे होते, त्याच्या सैन्याने तिथे अत्याचार केले हेही खरे होते, पण मी वर्गात रडवून सांगितलेली गोष्ट खरी नव्हती. आणि हे मला कळले ते २००३ साली, इराकच्या दुसऱ्या युद्धाच्या वेळी काही जुने वाचताना. तोवर तो वर्ग शाळा सोडून अकरा वर्षे झाली होती.

मुंब्र्याचा माझा विद्यार्थी त्या वर्गात होता. त्याचे आईवडील परत आल्यावर तो पेढे घेऊन घरी आला, तेव्हा मी त्याला विचारले, तुला ती इनक्युबेटरची गोष्ट आठवते का. त्याला ती आठवत होती. तो कुठे बसला होता आणि कोण रडले होते, तेही आठवत होते. ती खोटी निघाली, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. चौतीस वर्षे तो ती खरी धरून चालला होता, आणि आपल्या मुलांनाही त्याने ती सांगितली होती. माझ्या साऱ्या तक्रारीचे कारण एवढेच आहे. खोटी बातमी एका संध्याकाळी सर्वांपर्यंत पोहोचते आणि तिची दुरुस्ती पोहोचवायला कुणी नसते. म्हणून १५ जूनच्या त्या दोन पट्ट्या मला किरकोळ चूक वाटत नाहीत.

युद्ध सुरू करणाऱ्या सरकारांचे हेतू तपासणे हे बातमीचे पहिले काम आहे. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रे दाखवली. ती ज्याच्या सांगण्यावरून काढली गेली त्या खबऱ्याने २०११ मध्ये आपण खोटे बोललो हे कबूल केले. अमेरिकेच्याच २००४ च्या शोध अहवालात सामूहिक संहाराच्या शस्त्रांचा साठा सापडला नाही असे नोंदले गेले, आणि ६ जुलै २०१६ च्या ब्रिटिश चौकशी अहवालाने म्हटले की धोक्याबद्दलची विधाने जेवढ्या खात्रीने केली गेली तेवढी खात्री नव्हतीच. न्यूयॉर्क टाइम्सने तर २६ मे २००४ रोजीच आपल्या वाचकांना लिहून कळवले की इराकबद्दलच्या आपल्या कित्येक बातम्या पुरेशा तपासल्या गेल्या नव्हत्या. ते वर्तमानपत्र त्या कबुलीने बंद पडले नाही. मराठीत अशी कबुली मी अजून पाहिलेली नाही.

मग गेल्या महिन्यात इराण अणुबॉम्बच्या उंबरठ्यावर आहे, असे सांगून युद्ध सुरू झाले, तेव्हा हा इतिहास आपल्या चर्चांमध्ये का आला नाही? हे समजून घ्यायला दर्शकाला दोन्ही बाजूंच्या चारच गोष्टी पुरेशा होत्या. इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले चारशे किलोंहून अधिक युरेनियम आहे, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मे महिन्यात सांगितले होते, आणि कोणत्याही वीजनिर्मितीला एवढ्या समृद्धीची गरज नसते. १२ जूनला त्याच संस्थेच्या मंडळाने इराण आपली बंधने पाळत नसल्याचा ठराव केला. दुसऱ्या बाजूला, इराण अण्वस्त्र बनवत नाही असे अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांचे मत असल्याचे त्यांच्या प्रमुख तुलसी गॅबार्ड यांनी २५ मार्चला सिनेटच्या समितीपुढे सांगितले होते, आणि बॉम्बच्या दिशेने पद्धतशीर प्रयत्न चालल्याचा पुरावा आपल्याकडे नाही असे अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख राफाएल ग्रोसी युद्ध चालू असतानाच म्हणाले. या चार वाक्यांना एक मिनिट लागते. मी १३ ते २४ जून रोज रात्री आलटून पालटून आपल्या वाहिन्या पाहिल्या आणि ही चार वाक्ये एकत्र मला एकदाही ऐकायला मिळाली नाहीत. क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यांचे तक्ते मात्र पाठ झाले.

आणखी एक गोष्ट दर्शकापासून लपून राहिली. बातमी कुठून येते ती वाट. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिले जात नाही. इस्रायलमध्ये लष्करी सेन्सॉर आहे, आणि क्षेपणास्त्र नेमके कुठे पडले हे दाखवण्यावर बंधन आहे. इराणमध्ये वृत्तपत्रे सरकारच्या मुठीत आहेत आणि युद्धात इंटरनेटही बंद होते. म्हणजे तिन्ही ठिकाणांहून येणारे प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी परवानगीने येत होते. हे आपल्याला माहीत होते. तरीही 'इस्रायली लष्कराचा दावा' आणि 'इराणी सरकारी वाहिनीचा दावा' असे न म्हणता 'उडवले', 'उद्ध्वस्त', 'बेचिराख' असे थेट सांगितले गेले. मे महिन्याच्या अखेरीपासून अन्न घ्यायला गेलेली शेकडो माणसे गाझातल्या वाटपकेंद्रांजवळ आणि मदतीच्या ताफ्यांजवळ मारली गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने सांगितले, ती बातमी इराणचा धुरळा उडत असताना मला खालच्या सरकत्या पट्टीत सापडली. पीठ आणायला गेलेला माणूस सरकत्या पट्टीत येतो आणि विमानाचे इंजिन अर्धा तास पडदा व्यापते, ही निवड कुणी केली?

भोंग्यांबद्दल मी स्वतंत्र तक्रार करते. कार्यक्रमात नाट्य यावे म्हणून हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका, असे नागरी संरक्षण विभागाने याच वर्षी १० मे रोजी वृत्तमाध्यमांना कळवले, कारण लोकांचे कान सरावले तर खऱ्या इशाऱ्याला ते उठणार नाहीत. महिनाभरात तोच आवाज परत आला, फक्त या वेळी युद्ध परक्याचे होते. आमच्या मजल्यावर काकूंचे ॲप वाजते तेव्हा दार उघडून आम्ही बाहेर येतो. १५ तारखेला तीन वेळा बाहेर आलो, आणि तिन्ही वेळा तो वरच्या मजल्यावरच्या टीव्हीचा भोंगा होता. तिसऱ्या वेळी काकू उंबऱ्यावरच खाली बसल्या.

हे सगळे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. युक्रेन युद्धाच्या वेळी, २३ एप्रिल २०२२ रोजी, माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सूचनापत्र काढून भडक आणि बातमीशी संबंध नसलेल्या मथळ्यांवर ताशेरे ओढले होते. गेल्या महिन्यात तसे काहीच झालेले दिसले नाही. सरकारने बातम्यांवर अंकुश ठेवावा, अशी माझी मुळीच मागणी नाही. तो मार्ग उलटाच धोक्याचा आहे. संपादकांनी स्वतःच्या चुकीला स्वतः उत्तर द्यावे, एवढेच म्हणणे आहे.

आणि चर्चेला कुणाला बोलावता, तेही पाहा. निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचा अनुभव मोलाचा आहे, पण बारा रात्री तेच तेच चेहरे. मुंबई विद्यापीठात फारसी आणि अरबीचे विभाग आहेत. ठाणे, पनवेल, अलिबाग या पट्ट्यात मराठी बोलणारे बेने इस्रायली आहेत, ज्यांची सख्खी भावंडे तिथे आहेत. न्हावा-शेवा बंदरातून रोज माणसे त्या समुद्रात जातात. १३ एप्रिल २०२४ ला होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने 'एमएससी एरीज' हे जहाज ताब्यात घेतले, तेव्हा ते न्हावा-शेव्यालाच यायला निघाले होते आणि त्याच्या पंचवीस जणांत सतरा भारतीय होते. नेरुळ-बेलापूरमध्ये खलाशांची किती घरे आहेत! त्यातल्या एकाही घरातली बाई आपल्या पडद्यावर बसून मला दिसली नाही. त्याऐवजी पडद्याचे दोन भाग करून एका बाजूला एका धर्माचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या धर्माचा प्रतिनिधी बसवला, आणि इराण-इस्रायलचे भांडण ठाण्याच्या गल्लीत आणून सोडले.

माझ्या मागण्या अशा आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने पश्चिम आशियाविषयीच्या ऑक्टोबर २०२३ पासूनच्या प्रत्येक मतदानाचे कारण, बदललेल्या भूमिकेच्या खुलाशासह, मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावे. युद्धग्रस्त देशात कामगार पाठवताना १९८३ च्या कायद्याची तपासणी आणि विमा लागू करावा, मग तो देश यादीत असो वा नसो. संकटाच्या वेळी मदतीचे क्रमांक आणि सूचना मराठीतही द्याव्यात, कारण मुंब्र्याच्या त्या घरात इंग्रजी सूचना वाचायला शेजारच्या मुलीला बोलवावे लागले. २१ जुलैला पावसाळी अधिवेशन सुरू होत आहे. ठाणे, कल्याण, भिवंडी आणि रायगडच्या खासदारांनी या विषयावर लोकसभेत नियम १९३ खाली, म्हणजे मतदानाविना होणारी अल्पकालीन, चर्चा मागावी, आणि सरकारने ती टाळू नये.

वाहिन्यांनी प्रत्येक युद्धदृश्यावर ठिकाण, तारीख आणि ते कुठून मिळाले हे लिहावे, आणि माहीत नसेल तर ते दृश्य दाखवू नये. दावा असेल तिथे कुणाचा दावा ते त्याच वाक्यात सांगावे. चुकीची दुरुस्ती ज्या वेळेला चूक झाली त्याच वेळेच्या बातम्यांत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत करावी. भोंगा बंद करावा. तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि पत्ता दिवसातून एकदा तरी पडद्यावर दाखवावा, कारण तो शोधण्यात माझा एक पूर्ण दिवस गेला.

संबंधित वाहिनीने १६ जूनच्या माझ्या तक्रारीला १५ जुलैपर्यंत उत्तर दिले नाही, तर मी वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील दाखल करणार आहे. त्यासाठी दोन्ही बातम्यांचे मोबाइलवर टिपलेले चित्रण, वेळेच्या नोंदीसह, मी जपून ठेवले आहे. त्या वर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांचे पत्ते मिळाले, अशा अकरा जणांना मी इनक्युबेटरच्या गोष्टीबद्दल स्वतंत्र पत्रे लिहून टपालात टाकली आहेत. उरलेल्यांचा शोध चालू आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
चरई, ठाणे (पश्चिम)